गॅरेजच्या छताला गोणपाट

आमच्या घराला गॅरेज होतं, पण गाडी नव्हती. पनवेलला सासऱ्यांनी बांधलेल्या बैठ्या घरावर आम्ही नव्वदीच्या सुरुवातीला मजला चढवला, तेव्हा धाकट्या भाऊजींनी हट्ट धरला की बाजूच्या मोकळ्या जागेत गॅरेज हवंच. आज ना उद्या मारुती घ्यायचीय, म्हणाले. ते तळोज्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते आणि माणूस हौशी. गॅरेज झालं, त्याला लोखंडी शटर लागलं, आणि गॅरेजच्या डोक्यावर जी खोली निघाली ती थोरले म्हणून आम्हाला मिळाली. वरचा मजला आमचा, खालचं जुनं घर धाकट्यांचं आणि सासूबाईंचं, अशी व्यवस्था ठरली.

देवघर मात्र सासूबाईंनी माझ्या त्या खोलीत ठेवायला लावलं. देव सगळ्यांच्या वर हवेत, असं त्यांचं म्हणणं. गुडघे कुरकुरत असताना त्या सकाळी पूजेला आणि संध्याकाळी दिवा लावायला जिना चढून यायच्या, आणि पूजा झाली की माझ्या पलंगावर टेकून थोडं बोलायच्या. तेवढा वेळ त्या माझ्या असायच्या. एरवी त्या खाली, धाकटीच्या राज्यात.

गाडी काही आली नाही. भाऊजींची स्कूटर एका कोपऱ्यात उभी राहायची आणि बाकीची जागा रिकामी. मग माझ्या जावेने तिथे सतरंजी अंथरली आणि शिकवणी सुरू केली.

आता माझं सांगते. मी शाळेत गणित शिकवायचे, बी.एड. झालेली. जाऊ बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, तेव्हा लग्न ठरलं आणि तिने कॉलेज तिथेच सोडलं. शेजारच्या मुलांचे पाढे म्हणून घेता घेता तिच्याकडे गॅरेज भरून मुलं यायला लागली. नवीन पनवेलच्या सेक्टरांमधली, आई-बाप दोघं मुंबईला नोकरीला असलेली मुलं यायची, खाडीकडच्या कोळीवाड्यातली यायची. शाळेत मला मुलं 'बाई' म्हणायची. हिला 'टीचर' म्हणायची. कॉलेज अर्धवट सोडलेली बाई टीचर!

मला तिचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, अंगाचा तिळपापड व्हायचा. ती आवाज चढवायची नाही, कुणाला उठाबशा काढायला लावायची नाही, तरी मुलं तिचं ऐकायची. अपूर्णांक शिकवताना ती स्वयंपाकघरातून भाकरी घेऊन जायची, मोडून दाखवायची, आणि मग ते तुकडे मुलांनाच खायला द्यायची. आम्ही बी.एड.ला अपूर्णांकांवर पाठ काढले होते, तक्ते रंगवले होते, परीक्षकांसमोर घाम गाळला होता. हिला हे कोण शिकवून गेलं होतं?

हेही मी गिळलं असतं. पण माझी मुलगी तिसरीत होती, आणि तीसुद्धा दप्तर घेऊन खाली जायची.

मी शाळेतून आले की हातपाय धुऊन तिची वाट बघायचे आणि ती खाली सतरंजीवर. एकदा मी विचारलं, "अगं, तुझी आई गणिताची बाई आहे, आणि तू काकूकडे काय जातेस?" ती म्हणाली, "तू ओरडतेस." मी ओरडत नव्हते. माझा आवाजच तसा होता. भरलेल्या वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचवायचा म्हणजे तो तसाच होतो, आणि घरी आल्यावर काढून खुंटीला टांगता येत नाही.

त्यात गॅरेजचा स्लॅब पातळ. खालचं सगळं वर ऐकू यायचं. मी उत्तरपत्रिका घेऊन बसले की पायाखालून पाढे यायचे, आणि त्या सगळ्या आवाजांत माझ्या मुलीचा आवाज मला बरोबर सापडायचा. ती मोठ्याने उत्तर द्यायची, चुकली की हसायची. माझ्यासमोर चुकली तर तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. खाली ती चुकून हसायची, हे मला वर बसून ऐकावं लागायचं.

मला फार काही नको होतं. पुढच्या वर्षी चौथीची स्कॉलरशिप होती. माझ्या मुलीने माझ्या शेजारी बसून तिचा अभ्यास करावा, एवढंच मला हवं होतं. ते माझं होतं आणि ते दुसऱ्या कुणीतरी उचलून नेलं होतं.

रविवारी सगळे एकत्र जेवायचो. एका रविवारी मी विषय काढला. म्हटलं, खालच्या गलक्याने डोकं उठतं, उत्तरपत्रिका तपासता येत नाहीत. शिवाय दुपारभर शटर तापतं आणि खोलीची फरशी पायाला चटके देते. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, म्हणून मला त्या बेधडक बोलता आल्या. मला वाटत होतं, आता शिकवणी बंद करायचं निघेल. आमचे हे नेहमीसारखे ताटात बघत राहिले.

भाऊजी मात्र लगेच म्हणाले, "वहिनींना त्रास होतो ना? मग गॅरेजला आतून छत मारून घेऊ. मध्ये काहीतरी भरलं की आवाज वर जायचा नाही. उष्णताही थांबेल."

आणि जाऊ माझ्या पानात भात वाढत म्हणाली, "वहिनी, आधी नाही का सांगायचंत? मला खरंच कळलं नाही हो."

अशा बाईशी भांडायचं तरी कसं? मी भात कालवला. मनात म्हटलं, काम चालू झालं की गॅरेज बंद राहील. तोवर मुलं दुसरीकडे जातील, सेक्टरा-सेक्टरात शिकवण्या आहेत. माझी मुलगी तरी वर येईल.

मे महिन्यात शिरढोणहून सुतार आला. त्याने छत ठोकून पाहिलं आणि सांगितलं, आवाजासाठी सगळ्यात चांगले अंड्यांचे ट्रे. पुठ्ठ्याचे असतात ते, गाण्याचं रेकॉर्डिंग करतात तिथे भिंतींना लावतात. आमचं सासर शुद्ध शाकाहारी. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी कानांवर हात ठेवले.

"अंड्यांचे? देवांच्या खाली?"

"रिकामे असतात, आजी."

"रिकामे असले म्हणून काय झालं? अंडं बसलेलं असतं ना त्यात?"

सुताराने बरीच समजूत घातली. त्या एकच बोलत राहिल्या, माझे देव अंड्यांवर बसणार नाहीत. शेवटी त्यानेच सुचवलं की वरती गोणपाटाचे थर, त्याखाली थर्मोकोल आणि मग प्लायवूड. हे सासूबाईंना पटलं. गोणपाटात धान्य असतं, म्हणजे लक्ष्मीच असते, म्हणाल्या. भाऊजी बाजारात गेले आणि स्कूटरवर मागे-पुढे बांधून जुन्या गोणींचे गठ्ठे घेऊन आले. तांदळाच्या आहेत, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. गच्चीवर टाकून त्यांना कडक ऊन दिलं. माझी जाऊ आणि माझी मुलगी काठ्या घेऊन त्या गोणी बडवत होत्या आणि धूळ उडाली की दोघी खिदळत होत्या. मी खालून पापड वाळवायला घेऊन गेले आणि तशीच परत आले.

सुतार खालून स्लॅबला भोकं पाडायचा तेव्हा माझ्या खोलीतली फरशी थरथरायची आणि देवघरातली घंटा आपोआप किणकिणायची. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा झाला, दुमडलेल्या गोणी वर दाबून बसवल्या, थर्मोकोलचे तक्ते कापून लावले. थर्मोकोलचे पांढरे मणी घरभर उडत होते. माझ्या मुलीच्या केसांत ते असे अडकले की निघेनात. मी कंगवा घेऊन खाली गेले, तर ती पायरीवर काकूच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती आणि काकू तेल लावून एकेक मणी काढत होती. मुलीचे डोळे मिटलेले. मी कंगवा तिथेच ठेवला.

मुलं दुसरीकडे गेली नाहीत. सुट्टीच होती. जावेने त्यांना अंगणात जांभळाखाली बसवलं, कोडी घातली, व्यापार खेळायला लावला. शाळा उघडायच्या सुमाराला छताला पांढरा रंग लागला आणि सगळी पुन्हा गॅरेजात, आता तर थंडगार गॅरेजात, बसायला लागली.

काम पक्कं झालं होतं, हे मान्य करायला हवं. वर चिटपाखराचा आवाज येईना. फरशी गार. हे म्हणाले, "झालं ना तुझ्या मनासारखं?" मी हो म्हटलं. माझ्या मुलीने दप्तर उचललं आणि ती खाली गेली.

मग मला कळलं की आधीचंच बरं होतं. आधी निदान ती काय बोलतेय ते कळायचं. आता ती खाली जायची म्हणजे नाहीशीच व्हायची. ती कशाला हसत असेल, माझ्याबद्दल काही सांगत असेल का, जाऊ तिला जवळ घेऊन बसवत असेल का, हे सगळं मी माझ्या मनाने रचायचे, आणि माझं मन मला सोडायचं नाही. गॅरेजच्या खिडकीला लागून कढीपत्त्याचं झाड होतं. मी कढीपत्ता तोडायला जायला लागले. आमच्याकडे दोन्ही वेळा कढी झाली असती तरी तेवढा लागला नसता. एकदा तर मी खोलीत फरशीला कान लावला. दिवा लावायला आलेल्या सासूबाईंनी पाहिलं आणि विचारलं, काय हरवलं गं? कानातलं पडलं, म्हटलं. त्या बिचाऱ्या गुडघे धरून वाकल्या आणि माझ्याबरोबर शोधायला लागल्या.

आणि मग श्रावण लागताच वास सुटला.

हवा दमट होती, गोणींनी ओल धरली असणार. आधी बारीकसा यायचा, शटर बंद राहिलं की जास्त. जाऊ म्हणाली उंदीर मेला असेल. तिने फिनेलने गॅरेज धुतलं. भाऊजी बॅटरी घेऊन स्कूटरच्या मागे, पेट्यांच्या खाली शोधत फिरले. यांना बारमाही सर्दी, यांना कसलाच वास येत नव्हता.

मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. माझं माहेर उरणकडचं, मासे खाणारं. लग्नानंतर मी या घरात कधी नाव काढलं नाही, पण नाक विसरत नाही. ती सुकट होती. वाळवलेली बारीक कोळंबी. तव्यावर भाजायची, भरपूर कांदा, दोन आमसुलं, आणि गरम भाकरी. ऐन श्रावणात, देवघरासमोर उभ्या उभ्या माझ्या तोंडाला पाणी सुटलं. त्या गोणी तांदळाच्या नव्हत्या. अंड्यांचे रिकामे ट्रे नाकारून सासूबाईंनी देवांना सुकटीवर बसवलं होतं, आणि मे महिन्यापासून तिथे रोज नैवेद्य दाखवत होत्या.

मी मूग गिळून बसले. मला त्या वासाचा आनंदच झाला होता. वर्षभर ज्या बाईचं काही चुकत नव्हतं तिच्या वर्गाला आता वास येत होता.

गुपित फोडलं ते कोळीवाड्यातल्या एका मुलीने. मी कढीपत्त्यापाशीच होते. सगळी मुलं नाकाला रुमाल लावून बसलेली, आणि ही म्हणाली, "टीचर, उंदीर नाय तो. आमच्या घरी पन असाच वास येतो. सुकटीचा हाय." मुलं हसली. जाऊही हसली. मग भाऊजी गोणीवाल्याकडे जाऊन भांडून आले, आणि सासूबाई मटकन खाली बसल्या.

थोड्या वेळाने त्यांनी मला हाक मारली. "तुझ्या माहेरी खातात ना हे? तुला नाही ओळखता आलं?"

"मला सर्दी होती," मी म्हटलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी देव खाली गेले. गंगाजल शिंपडून, ताम्हनात बसून, जावेच्या स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात. त्यानंतर सासूबाईंना जिना चढायचं काही कारण उरलं नाही. माझ्या खोलीत देवघराच्या जागी भिंतीवर एक काळपट चौकोन राहिला. देवसुद्धा तिच्याकडे राहायला गेले, असं मी यांना म्हटलं. हे हसले. मी विनोद करत नव्हते.

छत उघडून गोणी काढून टाकायची गोष्ट निघाली. सुतार यायला तयार होता. तर जाऊ म्हणाली, "नको. परत वहिनींना आवाजाचा त्रास होईल. वास काय, ऊन पडलं की जाईल." म्हणजे माझ्यासाठी ती त्या वासात बसणार! ती रोज संध्याकाळी आधी ऊद जाळायची, मग वर्ग भरवायची. सेक्टरांमधल्या काही आयांनी मुलं काढून घेतली. कुणाच्या तरी आजीने श्रावणात हे काय, असं फाटकातूनच सुनावलं. मी वरून बघत होते.

मीही माझ्या मुलीला काढून घेतलं. मला तर आयतं कारण मिळालं होतं. म्हटलं, "त्या वासात बसायचं नाही. उद्यापासून वर माझ्याकडे बसायचं."

"मला तो वास आवडतो," ती म्हणाली.

माझंच रक्त! आणि बसायचं मात्र तिच्याकडे. मी म्हटलं, "आवडो नाही तर नावडो. स्कॉलरशिपचं वर्ष आहे." ती रडली नाही. दप्तर घेऊन टेबलापाशी बसली. जाऊ वर येऊन तिची खाली राहिलेली पट्टी आणि कंपास देऊन गेली. "आईकडे काय, पहिलीच येशील," म्हणाली. माझ्या मुलीने पट्टी घेतली आणि कंपासात ठेवली.

खाली रिकाम्या झालेल्या जागा आठवडाभरही रिकाम्या राहिल्या नाहीत. त्या कोळी मुलीची आई एक दिवस आली. मी जिन्यात होते. ती म्हणाली, "टीचर, आमच्या आळीतली आनखी पोरं हायत, घ्याल का? आमाला काय तो वास नाय येत. हितं बसली का घरच्यासारखी बसतील बगा." जावेने घेतली. नारळी पौर्णिमेला त्या सगळ्यांच्या घरून तिच्यासाठी नारळ आले. सासूबाईंनी तिला ओवाळलंच असतं, फक्त तबक हाताशी नव्हतं.

जाऊ दे. मला हवं होतं ते मला मिळालं होतं. माझी मुलगी माझ्या शेजारी बसत होती.

ती शहाण्यासारखी बसायची. पाठ ताठ, हात वहीवर. मी सांगायचे तेवढं करायची, विचारलं तर उत्तर द्यायची, चुकलं की थबकून माझ्या चेहऱ्याकडे बघायची. मी आवाज खाली आणायचा सराव केला. शाळेतून येताना वाटेत मनातल्या मनात म्हणायचे, हळू, हळू. एकदा मी अपूर्णांकांसाठी पोळी घेऊन बसले. ती बघत राहिली आणि म्हणाली, "भाकरी घ्यायची असते. पोळी फाटते." खरंच फाटली. मी भाकऱ्या थापायला घेतल्या, ज्या मला कधी धड जमल्या नाहीत. खालून काहीच ऐकू येत नव्हतं, ना पाढे, ना हसणं. त्या खोलीत फक्त आम्ही दोघी. मला वाटायचं, होईल. सवय होईल तिला.

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. मी तिला एक लांबलचक गुणाकार घातला होता. तिने वहीवर डोकं खाली घातलं, जीभ दातांत धरली, आणि ती त्यात अशी रमली की मी शेजारी आहे हेही विसरली. हे पहिल्यांदाच होत होतं. पाठ सैल सोडली होती, एक पाय खुर्चीवर दुमडून घेतला होता, मध्येच पुटपुटत होती. मी हलले नाही. श्वासही जपून घेत होते. मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

एका आकड्यापाशी ती अडली. पेन्सिल गालाला टेकवली, आणि वहीतून मान वर न करता म्हणाली, "काकू, इथे दोन हातचे ना गं?"

मी वाट पाहिली. ती आता दचकेल, जीभ चावेल, वर बघेल. तिने वर पाहिलं नाही. ती काय म्हणाली ते तिला कळलंच नव्हतं. ती फक्त उत्तराची वाट बघत होती.

"हो गं," मी म्हटलं. आवाज जमेल तेवढा जावेसारखा काढला. "दोनच."

ती खुशीत मान हलवून पुढचं गणित करायला लागली.